पहिले साठ फूट

प्रश्न असा आहे: "साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन मसल कार खरंच इतक्या पळायच्या, की म्हाताऱ्यांच्या आठवणींत त्यांचा वेग दरवर्षी वाढत जातो? तुमच्याकडे होती आणि तुम्ही ती रेसमध्ये पळवलीत, तर नेमकं काय करायचात? आज एखादी विकत घ्यावी का? आणि तुमची गाडी अजून आहे का?"

आधी कबुली देतो. वेग वाढत जातो, हे खरं आहे. परवाच नातवाला मी माझ्या गाडीचा सगळ्यात चांगला टाइम १३.९ सेकंद सांगून बसलो. ड्रॉवरमधली पिवळी पडलेली चिठ्ठी १४.३१ म्हणते.

ही चिठ्ठी म्हणजे मिशिगनमधल्या मायलन ड्रॅगवेची टाइम स्लिप. (गावाचं स्पेलिंग इटलीतल्या मिलानचंच, पण तिथं कुणी 'मिलान' म्हटलं की लोक ओळखतात, पाहुणा आहे.) सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. उभ्या गाडीपासून सुरुवात. १९७१ ते १९७४ माझ्याकडे १९६८ ची प्लिमथ रोडरनर होती. आठवडाभर तिनेच कारखान्यात जायचो आणि महिन्यातून एक-दोन रविवारी तीच तिथं पळवायचो. पुढचं सगळं आयुष्य इंजिनं टेस्ट करण्यात गेलं, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत स्वतःवरही विश्वास ठेवायचा नाही, ही सवय लागली आहे.

तर आकड्यांत उत्तर: फारशा वेगवान नव्हत्या. शोरूममधून आणलेली, काहीही न बदललेली माझ्यासारखी रोडरनर पाव मैलाला साधारण पंधरा सेकंद घ्यायची. अगदी २०२४ पर्यंत नवी मिळायची ती सहा सिलिंडरची टोयोटा कॅमरी, एसी लावून, मागे पोरं बसवून, चौदा-साडेचौदात जाते. तीही कुणीही चालवली तरी. खरी गोष्ट या 'कुणीही'पाशी आहे. त्या काळी गाडीचा टाइम गाडीपेक्षा चालवणाऱ्याचा असायचा, आणि तो पहिल्या साठ फुटांत ठरायचा.

मसल कार म्हणजे काय, हे आधी थोडक्यात, कारण हल्ली आवाज करणारी कुठलीही जुनी अमेरिकन गाडी त्या नावाखाली खपते. मधल्या आकाराची, चार माणसांची, एरवी एखादा मास्तर किंवा सेल्समन घेईल अशी घरगुती गाडी; तिच्यात त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन; आणि किंमत नुकत्या कमावत्या पोराला झेपेल इतकी. तिन्ही गोष्टी हव्यात. कॉर्व्हेट दोन माणसांची महागडी स्पोर्ट्स कार, म्हणून ती यात नाही. मस्टँगवर वाद घालायला मी तयार आहे, पण आज नको.

सुरुवात साधारणपणे १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता, मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. त्यांच्याच पॉन्टियाक विभागाच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं आणि ते नवं मॉडेल म्हणून जाहीर न करता लेमान्स गाडीवरचा २९५ डॉलरचा 'ऑप्शन' म्हणून विकायला काढलं. नवं मॉडेल काढायचं तर वरची मंजुरी लागायची. ऑप्शनला नाही. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही ही युक्ती लगेच समजेल. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या. मग सगळेच त्या वाटेने गेले.

चार वर्षांत या गाड्या सजत सजत महाग झाल्या. तेव्हा प्लिमथने उलट केलं. १९६८ ची रोडरनर: खाली गालिचा नाही, रबरी मॅट, पुढे सलग बाकासारखी सीट, खिडक्या हाताने फिरवायच्या, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पण आत ३८३ घनइंचांचं ६.३ लिटरचं इंजिन, कागदावर ३३५ हॉर्सपॉवर, आणि किंमत २,८९६ डॉलरपासून. कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले, आणि हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा 'बीप-बीप' वाजायचा. सहा लिटरचं इंजिन गुरगुरतंय आणि हॉर्न खेळण्यातला. मला तो विनोद फार आवडायचा. आपल्याकडच्या माणसाला हॉर्नचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मी १९६९ मध्ये डेट्रॉइटला आलो, वेन स्टेटला मास्टर्स करायला. रिझर्व्ह बँकेने तेव्हा जेवढे नेऊ दिले तेवढे, म्हणजे आठ डॉलर, खिशात होते. प्लिमथ हे नाव मात्र मला नवं नव्हतं. माझा थोरला मामा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिटर होता. १९४७ पासून तिथं क्रायसलरच्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, आणि मामा 'आमची प्लिमथ' म्हणायचा ते स्वतःच्या मालकीची असल्यासारखं. त्यामुळे नोकरी लागल्यावर जुन्या गाड्यांच्या लॉटवर एक हिरवी रोडरनर दिसली तेव्हा निम्मा सौदा नावावरच झाला. चौदाशे डॉलर. सोबतचे मराठी मित्र फोक्सवॅगन बीटल घेत होते. त्यांनी मला वेड्यात काढलं, आणि हिशोबाने पाहिलं तर ते बरोबर होते.

साताऱ्याला अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोटो पाठवला. अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे, आयुष्यभर सायकल आणि एसटी. तीन आठवड्यांनी एरोग्राम आला. गाडीच्या रंगाबद्दल नाही, किमतीबद्दल नाही. एकच प्रश्न: ॲव्हरेज किती देते?

मी उत्तर लिहिलं: बारा देते. पुढच्या पत्रात त्यांनी लिहिलं की मामाच्या साहेबांची फियाट चौदा देते, पण जुन्या गाडीला बारा वाईट नाही. बारा मैल होते आणि गॅलनला होते, हे मी कळवलं नाही. पेट्रोल तेव्हा छत्तीस-सदतीस सेंट गॅलन होतं आणि साताऱ्यातून ते दिसत नव्हतं.

आता रस्ता. डेट्रॉइटच्या नदीपासून वायव्येला पॉन्टियाक गावापर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यू जातो. उपनगरांत तो दोन्ही बाजूंना चार-चार लेनचा, मधे गवताचा रुंद दुभाजक, आणि दर अर्ध्या-एक मैलावर सिग्नल. डावीकडे थेट वळता येत नाही, पुढे जाऊन दुभाजकातल्या फटीतून उलटं फिरून यायचं. ज्यानं हे आखलं त्यानं वाहतुकीचा विचार केला असेल, पण पोरांना आयती रिंग मिळाली. शुक्रवार-शनिवार रात्री सगळे रॉयल ओकहून वर स्क्वेअर लेकच्या कोपऱ्यावरच्या टेड्स ड्राइव्ह-इनपर्यंत जायचे, तिथून वळून परत खाली. पुण्यात लक्ष्मी रोडला संध्याकाळी उगाच चकरा मारतात तसंच, फक्त प्रत्येकाच्या बुडाखाली सहा-सात लिटरचं इंजिन.

सिग्नलला दोन गाड्या शेजारी आल्या की खिडकीतून एकमेकांकडे न बघता बघायचं. समोरच्याने ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडला, की विचारणा झाली. तुम्ही दाबला, की होकार. अनोळखी गाडीशी शर्यत लावण्याआधी तिच्या रनिंगचा आवाज ऐकायचा. लडखडत, धापा टाकत उभी असेल तर आत मोठा कॅमशाफ्ट आहे, म्हणजे इंजिन रेससाठी बदललेलं, गप्प बसावं. कारण तिथं कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा ऑफिसची गाडी घेऊन यायचे, साध्या वेषातल्या पोलिसासारखे. आणि जिमी ॲडिसनची रुपेरी जीटीएक्स होती, 'सिल्व्हर बुलेट'. त्याचा पेट्रोलपंप वुडवर्डवरच होता. १९६७ ची प्लिमथ, आत वाढवलेलं हेमी, म्हणजे क्रायसलरचं रेससाठीचं मोठं इंजिन. ती पंपावर उभी असलेली मी पाहिली आहे. पळताना पाहिली असं सांगायचा मोह होतो, पण नाही पाहिली.

मी स्वतः वुडवर्डवर पाच-सहा वेळाच लागलो असेन, आणि आज त्याचं कौतुक वाटत नाही. मधल्या फटीतून एखादी म्हातारी तिची गाडी वळवत बाहेर यायची आणि आपण ताशी सत्तर मैलांवर, ड्रम ब्रेक घेऊन. एकदा अशीच एक पांढरी गाडी माझ्यासमोर आली, मी कसाबसा थांबलो, आणि त्या बाईंनी मला हात करून 'थँक यू' म्हटलं. त्यांना वाटलं, मी त्यांना जायला वाट दिली. त्यानंतर मी रस्त्यावर लागलो नाही. मायलनलाच गेलो.

मायलनची पहिली फेरी सांगतो, कारण माझी सगळी विद्या तिथून सुरू झाली. गेटवर तपासणी: बॅटरी घट्ट आहे का, पट्टा आहे का, खाली तेल गळत नाही ना. मग काचेवर पांढऱ्या शू पॉलिशने नंबर. रांग. समोर खांबावरचे दिवे, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. वर दोन बारीक दिवे, पुढचं चाक रेषेच्या प्रकाशकिरणात आलं की लागणारे. त्याखाली पाच पिवळे, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एकेक खाली उतरत जाणारे, मग हिरवा. हिरव्याच्या आधी निघालात तर लाल, खेळ खलास.

मी हिरवा दिसल्यावर निघालो. चार हजार आरपीएमवर क्लच सोडला. टायर किंचाळले, धूर झाला, गाडी शेपूट हलवत जागच्या जागी नाचली, आणि मला वाटलं, वा! चिठ्ठीवर १५.८४.

माझ्याबरोबर टूलरूममधला केंटकीचा एक कारागीर आला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, मी त्याला मनात बुवा म्हणायचो. तो म्हणाला, किल्ली दे. त्याच गाडीत, त्याच टायरवर, अर्ध्या तासाने त्याने १५.०२ काढले. ना धूर, ना आवाज. बघणाऱ्याला वाटलं असतं, हा बाजारात निघालाय.

आठ दशांश सेकंद. पाव मैलाच्या शेवटी ते जवळजवळ शंभर फुटांचं अंतर होतं. इंजिनात सहाशे डॉलर ओतून मिळणार नाही इतकं.

त्याने काय केलं ते मला पुढचे तीन महिने एका बंद सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये शिकवलं. एक: हिरव्याची वाट बघायची नाही. शेवटचा पिवळा लागला की निघायचं, कारण पाय हलून गाडी हलेपर्यंत अर्धा सेकंद जातोच. (चिठ्ठीवरचा टाइम याने बदलत नाही, तो गाडी हलल्यावर सुरू होतो; हे शेजारच्याला हरवण्यासाठी.) दोन: साध्या टायरवर दोन हजारांच्या जरा वर आरपीएम, तेवढेच. क्लच झटक्यात सोडायचा नाही, पण चोंबाळायचाही नाही. तो जिथं धरायला लागतो तिथून पुढचा दीड इंच हाच काय तो खेळ. ॲक्सिलरेटर त्याच्या मागून दाबत न्यायचा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: कान टायरकडे. टायर किंचाळला म्हणजे घसरतोय, वेळ गेला. अजिबात गप्प आहे म्हणजे तुम्ही घाबरताय. मधे एक घोगरा आवाज असतो, जड पोतं फरशीवरून ओढल्यासारखा. तो आवाज साठ फूट टिकवायचा. त्याचा ठोकताळा असा की पहिल्या साठ फुटांत एक दशांश वाचवला तर शेवटी दीड ते दोन दशांश हातात पडतात. त्या वेळच्या चिठ्ठीवर साठ फुटांचा आकडा नसायचा. कानानेच कळायचं.

त्यानंतर कुठं गाडीला हात लावला. क्रम सांगतो, कारण लोक नेमका उलटा करतात, आधी कार्बोरेटर बदलतात.

मागच्या टायरची हवा तीसवरून बावीसवर. फुकटात दोन दशांश. मग मागचा धुरा. इंजिन ज्या दिशेने पिळतं त्यामुळे मागच्या धुऱ्याचं डावं चाक जमिनीत दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं, म्हणून घसरतं ते उजवं. मी स्टेपनी आणि हत्यारांची पेटी डिकीत उजव्या कोपऱ्यात बांधायला लागलो. बुवाने डिफरन्शियलच्या नाकाडावरचं रबर जरा उंच करून बसवलं, त्यामुळे निघताना पाटे पिळून चाक थडथडायचं ते थांबलं. नंतर ३.२३ चं डिफरन्शियल काढून भंगारवाल्याकडून ३.९१ चं घातलं. पट्टीवर स्वर्ग, आणि हायवेवर मात्र कारखाना ते घर इंजिन कोकलत जायचं.

शेवटी टायमिंग, म्हणजे सिलिंडरमधली ठिणगी नेमकी कधी पडावी ते. डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट दर पंधरवड्याला बघायचे. रात्री घरमालकाच्या गॅरेजमध्ये, तोंडात टॉर्च, फीलर गेजची पट्टी पॉइंटमध्ये सरकवायची. ती नुसती जाऊन उपयोग नाही. बोटांना हलकासा अडथळा लागला पाहिजे, लोण्यातून पत्ता ओढल्यासारखा. स्क्रू आवळला की गॅप बदलते, म्हणून थोडी कमी ठेवून आवळायचा. मग टायमिंग लाइट. दोन-दोन अंश पुढे घेत जायचं आणि चढावर वरच्या गिअरमध्ये पेडल दाबून ऐकायचं. इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखं खुळखुळलं की दोन अंश मागे. सनोकोचं '२६०' भरलं तर त्या खुळखुळ्याआधी आणखी दोन-तीन अंश मिळायचे. शिशाचं पेट्रोल होतं ते. आम्ही सगळे ते आनंदाने श्वासात घेत होतो.

असं करत १५.८४ चे दोन उन्हाळ्यांत १४.३१ झाले. त्यांतला निम्म्याहून जास्त हिस्सा माझ्या दोन पायांचा आणि हवेच्या गेजचा.

मोडतोडही केली, आणि ती सगळी माझीच. १९७२ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या पट्ट्यात शेवरलेची एक पिवळी शेव्हेल होती आणि मी पुढे होतो. जन्मात पहिल्यांदा एवढा पुढे. तिसरा टाकताना हात घाईने तिरका गेला, गिअर बसला नाही, आणि उजवा पाय खाली तसाच. इंजिन मोकळं सुटून किंचाळलं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपैकी दोन, म्हणजे पुशरॉड, वाकले. परत येताना गाडी आठांपैकी सहा सिलिंडरांवर, शिवणयंत्रासारखी टकटकत. बुवा त्या दिवशी आला नव्हता. सोमवारी त्याला सांगितलं, तर त्याने शेव्हेलबद्दल विचारलंच नाही. म्हणाला, तू आरशात बघत होतास ना? बघत होतो.

हॉर्सपॉवरचं एक सांगून पुढे जातो, कारण विकणारे अजून तोच आकडा तोंडावर फेकतात. १९७१ पर्यंत अमेरिकेत जो आकडा छापायचे तो 'ग्रॉस': इंजिन स्टँडवर, अल्टरनेटर नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. १९७२ पासून 'नेट', म्हणजे गाडीत बसवतात तसं सगळं लावून. शेवरलेच्या ४५४ घनइंचांच्या एका इंजिनाचा आकडा एका वर्षात ३६५ वरून २७० वर आला, त्यातली बरीचशी घट निव्वळ मोजण्याची. उलट बाजूही आहे. रेसचे वर्ग गाडीचं वजन भागिले कंपनीने सांगितलेली हॉर्सपॉवर असे पडायचे, त्यामुळे कमी सांगण्यात फायदा होता. फोर्डचं ४२८ कोब्रा जेट कागदावर ३३५, माझं ३८३ सुद्धा कागदावर ३३५. कोब्रा जेटवाली मस्टँग एकदा माझ्या शेजारी लागली. तिच्या मागच्या दिव्यांचा आकार मला अजून चांगला आठवतो.

हे सगळं संपलं कसं, ते पुस्तकांत आहे. मी घाईतच सांगतो. गाड्यांच्या धुरावर बंधनं घालणारा १९७० चा क्लीन एअर ॲक्ट. १९७१ ला कमी शिशाच्या पेट्रोलसाठी उतरवलेलं कॉम्प्रेशन. आणि ऑक्टोबर १९७३ ची अरब तेलबंदी. पण माझ्या ओळखीच्या पोरांना या कशाच्याही आधी मारलं ते विम्याने. पंचविशीच्या आतला, अविवाहित, आणि गाडीच्या पॉलिसीत मोठं इंजिन: हप्ता ऐकूनच ते बीटल घ्यायचे. माझा दुसऱ्या वर्षीचा हप्ता गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांश होता.

आज घ्यावी का? गुंतवणूक म्हणून मला विचारू नका. वापरायला घ्यायची असेल तर इंजिन शेवटी बघा, ते कुणीही दुरुस्त करतं. आधी खाली झोपा. या भागात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते कमी पडायचा प्रश्न नाही, डेट्रॉइटच्या पोटातच अकराशे फुटांखाली मिठाची खाण आहे. त्या काळच्या सगळ्याच गाड्या गंजायच्या. प्लिमथ-डॉज असेल तर पुढच्या टॉर्शन बारचं (स्प्रिंगचं काम करणाऱ्या लांब सळईचं) मागचं टोक जिथं अडकवलेलं असतं तो आडवा तुकडा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. तिथं भुसभुशीत लागलं तर उठा, अंग झाडा, चहा प्या आणि घरी जा. डिकीचा तळ आणि मागच्या काचेची खालची कड बघा.

मग नंबर. १९६८ पासून गाडीचा चासी नंबर डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून वाचता येतो. त्या वर्षीच्या रोडरनरचा नंबर 'आरएम'ने सुरू होतो आणि पाचवं अक्षर इंजिनाचं: 'एच' म्हणजे ३८३, 'जे' म्हणजे ४२६ हेमी. विकणारा हेमी म्हणत असेल आणि पाचवं अक्षर 'एच' असेल, तर इंजिन खरं असेलही, पण ते कारखान्यातून आलेलं नाही, आणि किमतीतला फरक तेवढ्या एका अक्षराचा आहे.

घेतलीत तर पुढे डिस्क ब्रेक आणि चारी रेडियल टायर पहिल्या महिन्यात लावा. 'ओरिजिनल ठेवा' म्हणणाऱ्यांना ताशी साठ मैलांवरून दोनदा लागोपाठ ब्रेक मारायला सांगा. दुसऱ्या वेळी ड्रम तापलेले असतात आणि पेडल लाकडासारखं लागतं. हेड उघडलंच तर व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या घालून घ्या, त्यांना झिजण्यापासून जपणारं शिसं आता पेट्रोलात नाही. आणि गाडी रस्त्यावर नको, पट्टीवर पळवा. १४.३१ काय आणि १५.८४ काय, वुडवर्डवर कुणी चिठ्ठी देत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. नाही, गाडी नाही. १९७४ च्या ऑक्टोबरात विकली, साडेसहाशे डॉलरला. पेट्रोल पंचावन्न सेंटवर गेलं होतं, हायवेवर पंचावन्नची मर्यादा आली होती, आणि अशा गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. घेणाऱ्या पोराने मागच्या टायरची हवा बघितली नाही, तेव्हाच मला त्याची काळजी वाटली.

पण विकायचं ठरलं ते त्याआधी, जूनमध्ये. अण्णा निवृत्त होऊन तीन महिन्यांसाठी आले होते. विमानतळावरून घरी येताना ते पुढच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले. एका सिग्नलला मी उगाच जरा जोरात काढली, तर त्यांनी फक्त पिशवी घट्ट धरली. आठवडाभर ते रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बाहेर यायचे. पेट्रोल भरताना पंपाकडे बघायचे, गाडीत बसताना मीटरकडे. मला वाटलं, नवल वाटतंय.

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर विजेच्या बिलाचं रिकामं पाकीट पडलेलं दिसलं. पाठीमागे पेन्सिलने, फळ्यावर लिहायचे तशा नीट ओळींत: २१६ मैल. १८ गॅलन. मैलाचे किलोमीटर, गॅलनचे लिटर, खाली भागाकार, पायऱ्या न गाळता. उत्तराखाली दोन रेघा: ५.१.

आणि बाजूला, तपासलेल्या पेपरवर लिहायचे तसं: 'बारा कशाचे?'